तपासणाऱ्याची सही

जोडणी नाकारली, असं पडद्यावरच्या काळ्या खिडकीत उमटलं आणि धाकटीने सवयीने घड्याळ पाहिलं. नऊ वाजून बारा. नाकारली म्हटल्यावर तिला आधी बरंच वाटलं, कारण नकाराचेही प्रकार असतात आणि हा त्यातला सुसह्य. हाक मारावी आणि पलीकडून काहीच येऊ नये, नुसतं ताटकळत बसावं लागावं, ते वाईट. तिथे रस्ताच तुटलेला असू शकतो. दार उघडून आतल्याने ‘तू कोण’ म्हणावं, ते त्याहून वाईट. तिथे परवलीचा शब्द चुकलेला असतो आणि तो कोणी बदलला हे कोणी कबूल करत नाही. नाकारली म्हणजे घर आहे, रस्ता आहे, फक्त त्या नंबरच्या दारामागे कोणी बसलेलं नाही. आणि इथे रस्ता तरी कसला? प्रयोगशाळेच्या सगळ्या नोंदी सांभाळणारा सर्व्हर ह्याच यंत्रात होता आणि ती ह्याच यंत्रासमोर बसली होती. म्हाताऱ्याने स्वतःच स्वतःला हाक मारायची आणि स्वतःच नाही म्हणायचं. यंत्राला म्हातारा हे नाव ताईने ठेवलेलं. ताई इथे होती तेव्हा सकाळी पिशवी टेबलावर ठेवता ठेवता विचारायची, “म्हातारा उठला का ग?” आणि पंख्याची घरघर ऐकून स्वतःच म्हणायची, “उठला. खोकतोय.”

शनिवार-रविवार इमारतीतल्या तारा बदलायचं काम होतं, म्हणून यंत्र बंद करावं लागलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच. धाकटीने तोच हुकूम पुन्हा टाइप केला, नंबरासकट, एकेक अक्षर निरखून. पुन्हा नकार. साहेब दारातून डोकावले. “काय, संप का आज?”

“बघतेय. उठला नाहीये अजून.”

“दहाला आरोग्य केंद्राची माणसं येतील. त्यांना आकडे लागतील हो.”

“दहाच्या आत होईल.”

ह्या प्रयोगशाळेत तापमापक तपासायला येत. लशींच्या फ्रीजमधले, रक्तपेढ्यांमधले, काचेचे, तारेचे. प्रत्येकाला बर्फाच्या भांड्यात बुडवायचं, शून्याला तो किती चुकतो ते भिंगातून वाचायचं आणि ती चूक नोंदवायची. तापमापकावर फक्त एक चिठ्ठी चिकटायची: तपासल्याची तारीख, वाचणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. आकडा नोंदीत. चूक नसलेला तापमापक नसतोच, ताई नवशिक्यांना सांगायची. किती चुकतो ते माहीत असलं की त्याच्यावर खुशाल विसंबावं. धाकटीने चालू असलेल्या कामांची यादी मागवली. यादीत सर्व्हर होता. चालू होता. मग दार का उघडत नाही? ह्या यंत्रात सर्व्हरकडे जायच्या दोन वाटा. नंबर सांगितला तर बाहेरच्या वाटेने, जशी दुसऱ्या खोल्यांतली यंत्रं येतात तशी. आणि नंबर न देता नुसतं ‘इथलाच’ म्हटलं तर आतल्या दाराने, माजघरातून स्वयंपाकघरात जावं तसं. बाहेरचं दार बंद तर आतलं ढकलून पाहावं, एवढ्याच विचाराने तिने नंबर खोडला आणि हुकूम दिला. उघडलं. ती स्वतःशीच हसली, थंड चहाचा घोट घेतला, आणि खात्री म्हणून एकूण नोंदी किती ते विचारलं. चाळीस हजारांवर असायला हव्यात. आल्या तेहतीस हजार सहाशे दोन.

सात हजार नोंदी गेल्या, हे पहिलं मनात आलं. मग तिने शेवटची तारीख विचारली, आणि आली ती दोन वर्षांपूर्वीची, एक गुरुवार, दुपारी तीन वाजून चाळीस. वाचणारी: ताई. त्या एका ओळीकडे धाकटी किती वेळ बघत होती तिला सांगता आलं नसतं. साहेब फोनवर कोणाला तरी “होतंय, होतंय” म्हणत होते. हा म्हातारा नव्हताच. ही त्याची नक्कल होती. सर्व्हरची नवी आवृत्ती नीट चालते का पाहायला धाकटीनेच ती ह्या यंत्रात शेजारी बसवली होती, जुन्या नोंदींची प्रत आत घालून; पुढे यंत्र फार हळू चालायला लागलं तेव्हा तिनेच ती थांबवली होती. थांबवली, काढली नव्हती. आता यंत्र नव्याने सुरू होताना नक्कल आपली आपण उठली आणि म्हातारा झोपून राहिला. नकलेत प्रतीच्या दिवसानंतरचं काहीही असायचं कारण नव्हतं. ती बसवल्याचा शुक्रवार धाकटीच्या लक्षात होता. त्या शुक्रवारनंतरच्या नोंदी किती, असं तिने विचारलं. दोनशे अठरा. वाचणारी कोण कोण? एकच नाव.

ताईला फॉर्म आवडायचा नाही. सगळे जण आपापल्या टेबलावरून फॉर्ममध्ये आकडे भरत. तो फॉर्म नंबराच्या वाटेने म्हाताऱ्याकडे जाई. “दहा चौकटी, दहा टिचक्या, त्यात माझा आकडा कुठे गेला ते मलाच दिसत नाही,” ताई म्हणायची. ती उठून ह्या यंत्रापाशी यायची, काळी खिडकी उघडायची आणि वीस वर्षांपूर्वी शिकलेला एका ओळीचा हुकूम टाइप करायची. नंबर नाही, काही नाही. आतल्या दाराने. आकडे कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून आणलेले असत. एकेक आकडा आत जाई, मग ती तो पुन्हा मागवून डोळ्यांनी पाही, मग चिटोरा फाडून टोपलीत. त्याच क्रमाने, कायम. कागद शिल्लक राहिला की कोणीतरी तोच आकडा पुन्हा भरतो, असं तिचं म्हणणं. आणि त्या शुक्रवारी धाकटीने नक्कल बसवली तेव्हा नकलेने आतलं दार आपल्याकडे ओढून घेतलं होतं. एवढंच झालं होतं. सात आठवडे ताई येत होती, भिंगातून वाचलेला आकडा नेमका भरत होती, मागवून पाहत होती, आकडा दिसत होता, आणि कागद फाडून टाकत होती.

चिठ्ठ्यांवर दुसरी सही धाकटीची होती. तपासणाऱ्याने नोंद उघडून पाहायची आणि मगच सही करायची, असा नियम. इतरांच्या नोंदी ती पाही. ताईच्या चिठ्ठ्या गठ्ठ्याने समोर यायच्या आणि ती बोलता बोलता सह्या करायची. ताईचं काय तपासायचं? लहानपणी गणिताची वही ताईनेच तपासलेली, उत्तरापुढे पेन्सिलीने बारीक बरोबरची खूण. चुकलं असेल तिथे खूण नसायची, तेवढंच. घरात म्हणच पडली होती, सूर्य चुकेल पण थोरली चुकायची नाही. आई हे भांडी घासता घासता म्हणायची, आणि म्हणताना धाकटीकडे बघायची. दोनशे अठरांपैकी एक नोंद तिने आपल्या टेबलावरून उघडून पाहिली असती तर तिथे काही नाही हे पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. एक.

पण ती सही काही धाकटीला टोचणारी नव्हती. ती चूक सर्वांना माहीत होती. वरच्या कार्यालयाची तपासणी झाली, सात आठवड्यांची जागा कोरी सापडली, तेव्हा साहेबांनी विचारलंच होतं, तुम्ही सह्या कशा केल्या? आणि ताई मध्येच म्हणाली होती, “तिने माझ्यावर विश्वास ठेवला, साहेब. तिची काय चूक?” टोचणारं दुसरंच होतं, आणि ते आजपर्यंत तिने कधी पुरतं वर येऊ दिलं नव्हतं. तपासणीच्या चार दिवस आधी, यंत्र हळू चालतं म्हणून तिने नक्कल थांबवली त्याच्या दुसऱ्या सकाळी, ताईने हाक मारली होती. “धाकटे, म्हातारा रुसलाय. मला आत घेत नाही.” धाकटी गेली. खिडकीत लिहिलं होतं की आतल्या दाराने जोडता येत नाही. तिने वाचलं. आतलं दार बंद, म्हणजे त्यामागे कालपर्यंत जे होतं ते आता नाही. आणि काल आपण काय थांबवलं? विचार एवढाच आला, माशी कानावरून जावी तसा. दोन मिनिटं थांबली असती तर त्याचा माग लागला असता. पण तिला फोन येत होता, आणि उपाय ठाऊक होता. तिने पिवळ्या कागदाच्या पट्टीवर नंबरासकट नवा हुकूम लिहिला, पडद्याच्या कडेला चिकटवला. “ताई, आता असं टाइप करत जा. विसरू नको.” ताई म्हणाली, “बरं बाई.” त्या क्षणापासून ताईला तिच्या स्वतःच्या नोंदीही दिसेनाशा झाल्या.

साहेबांसमोर ताई उभी राहिली तो दिवस धाकटीच्या डोळ्यांसमोर नेहमी हातांपासून सुरू होई. ताईचे हात कधी हलले नाहीत. पाऱ्याची रेघ वाचणाऱ्याचे हलत नाहीतच. त्या दिवशी ते पट्टीवर बघून टाइप करत होते आणि चुकत होते. “मी भरलेत. मी डोळ्यांनी पाहिलेत, साहेब.” “मग दाखवा ना.” ती मागवत होती आणि खिडकी सांगत होती, शून्य नोंदी. पुन्हा. शून्य. “कागद?” साहेब म्हणाले. “कागद मी फाडते,” ताई म्हणाली, आणि हे वाक्य ऐकताना खोलीतल्या प्रत्येकाला, ताईलाही, ते कसं वाटतंय ते कळलं. मग ती वळून धाकटीकडे बघायला लागली. तसं तिने जन्मात कधी बघितलं नव्हतं, वहीच्या पलीकडच्या बाजूने, तपासून घेणाऱ्यासारखं. धाकटी जवळ गेली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हळू म्हणाली, “ताई, असू दे. विसरली असशील.” आणि हे म्हणताना, हेच ते, तिला आत कुठेतरी हलकं वाटलं होतं. दिवसभराचे आवळणारे बूट काढून गार फरशीवर पाय ठेवावेत तसं. माशी तेव्हाही एकदा कानावरून गेली. धाकटीने मान हलवून ती घालवली.

विसरण्याचं नाव त्या घरात साधं नव्हतं. आई शेवटची सहा वर्षं विसरत विसरत गेली. घड्याळ पिठाच्या डब्यात, चष्मा उशीच्या अभ्र्यात. मग वार, मग माणसं. तेव्हा धाकटीचं शिक्षण, मग लग्न, आणि आईचं सगळं ताईने केलं. धाकटी भेटायला गेली की आई म्हणायची, “ह्या बाई कोण? ह्यांना पाणी दे.” फक्त ताईला ती ओळखायची. त्यामुळे त्या दिवशी यंत्राच्या खोलीतून बाहेर आल्यावर ताई हात धुवायला गेली, आणि आरशात बघत म्हणाली, “आईचंही एकावन्नाव्या वर्षीच सुरू झालं.” डॉक्टरांनी चित्रं दाखवली, शब्द म्हणायला लावले, शंभरातून सात सात वजा करायला लावले. ताईने ते इतकं झपाट्याने केलं की डॉक्टरच मागे पडले. तसं काही दिसत नाही, पण घराण्यात आहे तर लक्ष ठेवा, ते म्हणाले. लक्ष ठेवायला सगळेच तयार होते. ताईने राजीनामा लिहिला: माझ्या हातून उद्या कुठेतरी बिघडलेली लस जाईल. शब्द असेच. मग स्कूटर विकली, एकटीने राहायला नको म्हणून आपली दोन खोल्यांची जागा सोडली आणि धाकटीकडे राहायला आली. गॅस पेटवत नाही. चिटोरे मात्र लिहिते, दिवसभर. गोळी घेतली, आठ दहा. दाराला कडी लावली, नऊ पाच. आता ती ते फाडत नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. तिसरा डबा चालू आहे. धाकटीचा नवरा भला माणूस, पण तोही परवा सहज म्हणाला, “ताईंनी दोनदा मीठ घातलं वाटतं,” आणि ताईने लगेच चमचा खाली ठेवला. मीठ त्यानेच घातलं होतं दुसऱ्यांदा. ते धाकटीने पाहिलं होतं, आणि जेवण पुढे सुरू राहिलं.

“अहो, होतंय ना?” साहेब.

“पाच मिनिटं.”

म्हाताऱ्याला उठवणं कठीण नव्हतं. यंत्र घाईने बंद करताना तो आपली कुलपाची फाईल मागे टाकून गेला होता. जागा होताना ती पाहून त्याला वाटत होतं आपण आधीच जागे आहोत. तिने फाईल काढली, हुकूम दिला, नंबराचं दार उघडलं. चाळीस हजार नऊशे अकरा. पलीकडच्या खोलीतून कोणीतरी “आलं, आलं” म्हणालं. आता नक्कल राहिली. एका ओळीचं काम: काढून टाकायची, मुळासकट. कोणाला कळणार नव्हतं, कारण कोणाला ती आहे हेच ठाऊक नव्हतं. धाकटीने ती ओळ टाइप केली. खरंच केली. शेवटची कळ दाबायची बाकी, आणि ओळीच्या टोकाशी कर्सर लुकलुकत राहिला. मनात सगळी कारणं शहाण्यासारखी रांगेत उभी होती. ताई आता रुळलीय. जुनं उकरून काय मिळणार. तिला धक्का बसेल. दोन वर्षं परत थोडीच येणार आहेत. प्रत्येक कारण खरं होतं, आणि ज्यात ताई होती तिथे ‘मी’ घातलं की ते जास्त बरोबर बसत होतं. तिने ओळ खोडली. मग, कशासाठी ते न कळून, एक तापमापक निवडला. रक्तपेढीचा, काचेचा, क्रमांक पाठ झालेला, कारण त्या दोनशे अठरांना परत बोलावून दुसऱ्यांदा तपासण्याचं काम तिच्याकडेच आलं होतं आणि तीन आठवडे ती बर्फात हात घालून ते करत होती. म्हाताऱ्याकडे तिचं वाचन: शून्याला सात शतांश वर. नकलेत, सहा महिने आधीचं, ताईचं: शून्याला सात शतांश वर. दुसरा घेतला. तोही जुळला. तिसरा एका शतांशाने हुकला. त्या दिवशी बर्फ नीट कुटलेला नव्हता, तो घाईत धाकटीनेच कुटला होता.

तिने दोनशे अठरा ओळी कागदावर काढल्या आणि अर्ध्या दिवसाची रजा मागितली. साहेब म्हणाले, “ताई बऱ्या आहेत ना?” आवाज खाली आणून, आजारी माणसाबद्दल विचारतात तसा. धाकटीने घडी केलेले कागद पुढे केले नाहीत. आधी ज्याचं त्याला, असं तिने स्वतःला सांगितलं. आणि मग हेही कारणच की काय, ह्या शंकेत जिना उतरली.

ताई जेवणाच्या टेबलाशी शेंगा सोलत होती. डाव्या हाताला चिटोऱ्यांची चवड, पेन. “लवकर?” असं म्हणून तिने घड्याळ पाहिलं आणि लिहिलं, धाकटी आली, बारा वीस. “बरं नाही का? चेहरा बघ, परीक्षेचा निकाल घेऊन आल्यासारखा.”

धाकटीने कागद तिच्यासमोर ठेवले. ताईने चष्मा लावला. वाचायला तिला फार वेळ लागला नाही. पहिलं पान, दुसरं पान. तिसऱ्यावर तिचं बोट एका ओळीवर थांबलं. “हा रक्तपेढीचा. ह्याला काचेत बुडबुडा होता. सांगितलं होतं मी तुला.” मग ती थांबली. शेंग हातात तशीच. “हे कुठे होतं?”

धाकटीने सांगितलं. शुक्रवार, नक्कल, आतलं दार, पिवळी पट्टी. ताई ऐकताना मध्ये एकदाच बोलली, “म्हणजे आठवडे सात, सहा दिवसांचे. बरोबर आहे, रोजचे पाच-सहा,” आणि मान हलवली, जसं एखाद्या दुसऱ्याचंच गणित जुळलं. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. कुठेतरी वर कोणी खुर्ची ओढली.

“मग परवाचं दूध?” ताई म्हणाली. “उतू गेलं ते. मी समोर उभी होते.”

“ताई, दूध सगळ्यांचंच उतू जातं.”

“हो का?” ताईने चष्मा काढला. “हे तू दोन वर्षांत एकदा नाही म्हणालीस.”

ताई रडेल, ओरडेल, कागद भिरकावेल, ह्या सगळ्याची तयारी ती बसमध्ये करून आली होती. ताईने तसं काही केलं नाही. सोललेले दाणे एका बाजूला सारले, टेबल पदराने पुसलं आणि नवा चिटोरा ओढला. तिचा हात स्थिर होता. बारीक, सुटं अक्षर: बारा अडतीस. दोनशे अठरा नोंदी मिळाल्या. सर्व बरोबर. इथे पेन थांबलं.

“तुला केव्हा कळलं, ते लिहायचंय,” ताई म्हणाली. “आज?”

आज. एक शब्द होता आणि तो खोटा नव्हता. कोणीही तोच म्हटला असता. साहेब, नवरा, डॉक्टर, सगळ्यांनी मान डोलावली असती. पेनाचं टोक कागदावर टेकलेलं होतं आणि शाईचा ठिपका थोडा मोठा होत होता.

“पट्टी लिहिली तेव्हा काहीतरी जाणवलं होतं,” धाकटी म्हणाली. “मी बघितलं नाही.”

“का ग?”

“तू चुकलीस म्हणून मला बरं वाटलं होतं.”

हे कोणाच्या तोंडून निघालं, असं वाटण्याइतका आवाज लहान आला. ताईने मान खाली घालून तेही लिहिलं, काही न वगळता, काही न वाढवता, आणि खाली डावीकडे आपली सही केली, जिथे वाचणाऱ्याची असते. चिटोरा फिरवून तो दाण्यांच्या बाजूने टेबलावर पुढे सरकवला.

“वाचून मग कर,” ती म्हणाली.

धाकटीने वाचलं. पहिल्यापासून, एकेक शब्द, आकडा बोटाखाली धरून. मग दुसऱ्यांदा. मग पेन घेतलं.